संगीत नाटकात गळा बसतो तेव्हा: बदली कलाकाराची तयारी कशी ठेवावी

सांगली-मिरजेकडे संगीत नाटक बसवणाऱ्या हौशी संस्थांच्या वहीत दोन ऑर्गनवादकांचे आणि तीन तबलजींचे फोन नंबर असतात. ‘सौभद्र’ नाटकातल्या सुभद्रेची पदे म्हणू शकेल अशा दुसऱ्या मुलीचे नाव मात्र सहसा नसते. वाद्याची तार तुटेल, पेटीचा सूर अडकेल, तबलजीची गाडी कोल्हापूरजवळ बंद पडेल, हे सारे आपण गृहीत धरतो. गायक नटीचा घसा बसेल हे मात्र अपशकुनासारखे वाटते आणि कोणी बोलत नाही. मी अनेक वर्षे तालमी घेत आणि प्रयोगांची व्यवस्था पाहत आलो आहे. गळ्याची काळजी आणि बदली कलाकाराची तयारी ही एकच गोष्ट आहे, असे माझे त्यातून मत झाले आहे. आपल्यामागे कोणी उभे आहे हे ठाऊक असलेली गायिकाच घसा दुखत असल्याचे वेळेवर सांगते. मागे कोणी नसेल तर ती खोकल्याच्या गोळ्या चघळत विंगेत येते आणि पुढचे नुकसान तिथून सुरू होते.

ही अडचण संगीत नाटकाच्या घडणीतच आहे. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी सांगलीत सीतास्वयंवराचा खेळ केला, तेव्हा पदे सूत्रधार म्हणत असे आणि पात्रे त्या अनुरोधाने आयत्या वेळी सुचेल तसे बोलत. एखादे सोंग आजारी पडले तरी सूत्रधाराचा गळा शाबूत असला की खेळ उभा राहत असे. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी शाकुंतल रंगभूमीवर आणले आणि पात्रे स्वतःच गाऊ लागली. तेव्हापासून प्रत्येक गाणारी भूमिका एकेका गळ्यावर टांगलेली आहे. १९०१ मध्ये आघाडीचे गायक नट भाऊराव कोल्हटकर वारल्यावर किर्लोस्कर नाटक मंडळीला त्यांच्या तोडीचा गळा मिळायला १९०५ उजाडावे लागले. तो गळा नारायण श्रीपाद राजहंसांचा, म्हणजे बालगंधर्वांचा, आणि शकुंतला म्हणून त्यांचे पहिले उभे राहणे झाले ते आपल्या मिरजेत. व्यावसायिक मंडळीला जिथे चार वर्षे थांबावे लागले, तिथे आपल्याला शनिवारच्या प्रयोगासाठी शुक्रवारी रात्री कोणी सापडेल ही अपेक्षाच चुकीची आहे.

गळ्यात नेमके काय बिघडते

स्वरतंतू म्हणजे स्वरयंत्रातल्या, जेमतेम एक ते दोन सेंटिमीटर लांबीच्या दोन मऊ पडदीवजा पट्ट्या. काळी पाच पट्टीत, म्हणजे पेटीची पाचवी काळी पट्टी ‘सा’ धरून, गाणारी स्त्री तार षड्ज (वरचा ‘सा’) लावते तेव्हा या पट्ट्या एका सेकंदात सुमारे ४६६ वेळा एकमेकींवर आपटतात. सर्दीने किंवा अतिश्रमाने त्यांना सूज आली की त्या जड होतात, नीट मिटत नाहीत, मधल्या फटीतून हवा निसटते आणि आवाज घोगरा येतो. त्या अवस्थेत गायिका नेहमीचा स्वर काढण्यासाठी जोर लावते, जोराने सूज वाढते आणि सुजेमुळे आणखी जोर लावावा लागतो. असे महिनोन्‌महिने चालले की पट्ट्यांच्या कडेवर गाठी धरतात. याहून वाईट म्हणजे सुजलेल्या पट्टीतील बारीक रक्तवाहिनी एखाद्या जोराच्या तानेसरशी फुटते आणि आवाज त्या क्षणी जातो.

सूज आली आहे की नाही हे ओळखण्याची एक साधी परीक्षा मी प्रयोगाच्या दिवशी दुपारी बारा वाजता प्रत्येक गाणाऱ्या नटाकडून करून घेतो. तार सप्तकातले दोन-तीन स्वर अगदी हळू, झोपलेले मूल जागे होऊ नये इतक्या हलक्या आकारात, म्हणजे ‘आ’ म्हणत, लावायचे. मोठ्याने स्वर लागतो पण हळू लावताना तो उशिराने येतो, मध्ये फुटतो किंवा नुसती हवा ऐकू येते, तर सूज आहे असे समजावे. मोठ्या आवाजातील गाणे सूज झाकते, हलके गाणे ती उघडी पाडते. ‘सकाळी रियाज छान झाला’ या उत्तरावर म्हणूनच विसंबू नये. रियाज बहुधा मध्य सप्तकात आणि भरल्या आवाजात झालेला असतो.

प्रयोगाच्या आठवड्यातील काळजी

पाणी पिण्याविषयी सगळेच सांगतात, पण विंगेत प्यायलेला घोट स्वरतंतूंना स्पर्शही करत नाही. तो अन्ननलिकेने खाली जातो आणि त्याचा ओलावा शरीरातून स्वरयंत्रापर्यंत पोहोचायला काही तास लागतात. पाणी सकाळपासून प्यावे. थेट ओलावा हवा असेल तर साध्या पाण्याची वाफ घ्यावी, तिच्यात मेन्थॉल किंवा बाम घालू नये. मेन्थॉलच्या गोळ्यांनी घशाला गारवा वाटतो, वेदना कळेनाशी होते आणि नट नको इतका जोर लावतो. सर्दीवरच्या काही गोळ्या घसा कोरडा करतात. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन यांसारख्या वेदनाशामकांमुळे रक्तस्रावाचा धोका वाढतो, म्हणून अंगदुखीसाठीसुद्धा गायकांनी ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. पाळीच्या आधीच्या दोन-तीन दिवसांत अनेक गायिकांच्या स्वरतंतूंना किंचित सूज असते. युरोपातील काही ऑपेरागृहे पूर्वी या दिवसांत गायिकांना सवलत देत असत. आपल्याकडे हा विषय काढायला संकोच वाटतो, पण तारखा ठरवताना तालीम मास्तरांनी एखाद्या वडीलधाऱ्या नटीकरवी तो काढावा.

आपल्या भागाच्या काही खास अडचणी आहेत. नोव्हेंबरात रंगभूमी दिनाच्या सुमारास कार्यक्रमांची गर्दी होते आणि नेमका तेव्हाच साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होतो. काजळी, उसाच्या वाहनांची धूळ आणि पहाटेची कोरडी थंडी एकत्र येतात. पुढे हळदीचे सौदे सुरू झाले की मार्केट यार्डाच्या बाजूला हवेत भुकटी असते. त्या रस्त्याने दुचाकीवर येणाऱ्या नटाने नाक-तोंड बांधून यावे, एवढी साधी गोष्टही पुरते. प्रयोगानंतर रात्री एक वाजता तांबडा रस्सा ओरपून दीड वाजता आडवे होण्याची आपली रीत मात्र धुळीपेक्षा घातक आहे. निजल्यावर जठरातील आम्ल वर येते, स्वरयंत्राच्या मागच्या भागाला पोळते आणि सकाळी उठल्यावर आवाज जड, घशात काहीतरी अडकल्यासारखे, सारखे खाकरावेसे वाटते. खाकरणे म्हणजे स्वरतंतू एकमेकांवर घासणे; त्याऐवजी घोट घ्यावा किंवा आवंढा गिळावा. मी आता जेवण मध्यंतराआधी आटोपायला लावतो आणि प्रयोगानंतर पेज किंवा दूधभातावर भागवतो. मंडळी कुरकुर करतात.

प्रवासही लक्षात घ्यावा. रत्नागिरीच्या प्रयोगाला आंबा घाटातून जाताना गाडीत अंताक्षरी रंगते आणि इंजिनाच्या वरताण बोलण्यात अर्धा गळा तिथेच खर्ची पडतो. गाणाऱ्यांना पुढच्या आसनांवर बसवून गप्प राहायला सांगावे. घसा बसलेल्याला लोक कुजबुजत बोलायला सुचवतात, तेही चूक आहे. कुजबुजण्यानेही स्वरयंत्रावर ताण येतो. थोडे बोलायचेच तर हळू पण नेहमीच्या आवाजात बोलावे. थकलेल्या गळ्यासाठी उत्तम व्यायाम म्हणजे ग्लासात दोन-तीन बोटे पाणी घेऊन त्यात नळी बुडवणे आणि बुडबुडे काढत नळीतूनच ‘ऊ’ स्वर वर-खाली फिरवणे. तोंडाशी अडलेल्या हवेचा दाब मागे परततो, स्वरतंतू फार न आपटता कंप पावतात आणि पाच मिनिटांत आवाज मोकळा होतो. विंगेत हे चालले असताना हसू येते, पण उपयोग होतो.

आवाज तीन आठवड्यांहून अधिक काळ बसलेला राहिला, किंवा गाता गाता अचानक गेला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे आणि दुर्बिणीने स्वरतंतू पाहून घ्यावेत. अचानक गेलेल्या आवाजासाठी तीन आठवडे थांबू नये, दुसऱ्याच दिवशी जावे. शस्त्रक्रियेचा निर्णय घाईने घेऊ नये. पुष्कळ गाठी वाचोपचारांनी आणि गाण्याची पद्धत सुधारून कमी होतात. ज्युली अँड्र्यूज यांच्या स्वरतंतूंवर १९९७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर त्यांचा गाण्याचा आवाज परतला नाही, हे उदाहरण मी घाई करणाऱ्यांना मुद्दाम सांगतो.

बदली कलाकार कसा तयार करावा

न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आणि लंडनच्या वेस्ट एंडमध्ये आठवड्याला साधारण आठ प्रयोग होतात, त्यामुळे बदलीची व्यवस्था नाटक बसवतानाच होते. समूहात गाणारा एखादा नट नायकाची भूमिकाही शिकलेला असतो, त्याला अंडरस्टडी म्हणतात. समूहातील अनेक जागा पाठ असलेला आणि कुठेही उभा राहू शकणारा तो स्विंग. रंगमंचावर नसलेला, केवळ एका मोठ्या भूमिकेसाठी राखून ठेवलेला तो स्टँडबाय. आपल्या बारा-चौदा जणांच्या संचाला राखीव माणसे परवडत नाहीत, म्हणून आपण साखळी करावी. सौभद्राचे उदाहरण घेऊ. रुक्मिणीने सुभद्रा शिकावी, कुसुमावतीने रुक्मिणी शिकावी आणि कुसुमावतीची जागा नांदीत गाणाऱ्या एखाद्या मुलीने घ्यावी. नारदाने अर्जुन शिकावा. साखळी कागदावर उतरवताना लक्षात येते की एक बदल कधीच एकटा येत नाही. सुभद्रा बदलली की तीन माणसे हलतात. ज्या साखळीचा शेवटचा दुवा मोकळा आहे ती साखळी नव्हे.

लहान मुलांच्या भूमिकांना तर दुसरे मूल हवेच. तेरा-चौदाव्या वर्षी मुलाचा आवाज फुटतो आणि तो कोणत्या आठवड्यात फुटेल हे कोणीच सांगू शकत नाही.

बदली कलाकाराने काय शिकावे याविषयी माझा आग्रह असा की आधी नक्कल, म्हणजे भूमिकेचे संवाद, आणि हालचाली, मग पदे. पदे आपल्या लोकांना ऐकून ऐकून येतातच. सांगलीत राहिलेल्या मास्टर दीनानाथांच्या घरची गोष्ट प्रसिद्ध आहे: त्यांच्या नाटक मंडळीत नारदाचे काम करणारा नट आजारी पडला, तेव्हा लहानग्या लता मंगेशकर त्या जागी उभ्या राहिल्या. ही आठवण त्यांनीच मुलाखतींत सांगितली आहे. घरात दिवसरात्र पदे कानावर पडत असल्याने त्यांना गाणे शिकवावे लागले नाही. बदली नट अडखळतो तो संवादाच्या शेवटच्या शब्दावर, कोणत्या विंगेतून यायचे यावर आणि पद संपल्यावर हात कुठे ठेवायचे यावर. त्यामुळे दर चौथी तालीम पूर्णपणे बदली संचाची घ्यावी आणि मूळ कलाकारांनी समोर बसून पाहावे. पहिल्या खेपेला मानापमान होतात. मूळ सुभद्रेला वाटते आपली जागा चालली, रुक्मिणीला वाटते आपल्याला नुसतेच राबवून घेतात. बदली कलाकाराला वर्षातून निदान एक जाहीर प्रयोग आधीच ठरवून द्यावा, म्हणजे हे बरेचसे मिटते.

आता पट्टी. संस्था इथेच सर्वांत जास्त गोंधळतात. मूळ सुभद्रा काळी पाचमध्ये गाते आणि बदली मुलीचा आवाज पांढरी पाचचा आहे, असे समजा. ऑर्गनवादक सराईत असेल तर तो पट्टी बदलून वाजवेल, पण तबला तसा उतरत नाही. वाद्यांखालचे लाकडी गठ्ठे ठोकून तो थोडाफार वर-खाली होतो. दीड स्वर खाली आणला की ओरडायचे थांबतो आणि बद्द वाजू लागतो. दुसऱ्या पट्टीचा, ढाल्या म्हणजे खालच्या स्वराचा तबला प्रयोगाला सोबत हवाच. मिरजेत तंतुवाद्यांच्या कारागिरांची गल्ली हाकेच्या अंतरावर असताना आपण तानपुरे दोन-दोन नेतो आणि तबला एकच नेतो, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते. युगुलगीतांची वेगळीच पंचाईत होते, कारण तिथे पट्टी दोघांच्या सोयीने ठरलेली असते. एक बदलला की दुसऱ्यालाही नव्या पट्टीत गाऊन पाहावे लागते.

यासाठी आमच्याकडे दोनशे पानी एक जाड वही आहे. डाव्या पानावर पदाचे नाव आणि मूळ कलाकाराची पट्टी, उजव्या पानावर बदली कलाकाराची पट्टी, त्याखाली कोणता अंतरा गाळायचा, तान कुठे थांबवायची, पदाआधी ऑर्गनने कोणता स्वर किती वेळ धरायचा. एके ठिकाणी ऑर्गन मास्तरांनी लाल शाईने लिहिले आहे: ‘इथे रुक्मिणी घाईने उचलते, समेवर मी थांबेन.’ त्या एका ओळीने तिचे पद दोनदा वाचले आहे. बदली कलाकाराने मूळ गायिकेच्या हरकती, म्हणजे गाण्यातल्या तिच्या खास छोट्या जागा, उचलू नयेत. चीज नीट, सुरात आणि शब्द स्पष्ट ठेवून म्हणावी. वेषभूषेचेही आधीच पाहून ठेवावे. शिवलेली नऊवारी एका चणीच्या बाईला बसते आणि दुसरीला घोट्याच्या वर येते, हे पडदा उघडायला दहा मिनिटे असताना कळू नये.

प्रयोगाच्या दिवशी निर्णय

काही वर्षांपूर्वी आमच्या सुभद्रेचा घसा प्रयोगाच्या आदल्या रात्री बसला. दुसरी कोणी तयार नव्हती आणि तिकिटे विकली गेली होती. ओळखीच्या एका डॉक्टरांनी सूज उतरवणारे इंजेक्शन दिले. संध्याकाळी आवाज चकचकीत लागला, दुसऱ्या अंकात वन्समोअर मिळाला आणि तिने तो दिला. सकाळी फोनवर तिच्या नवऱ्याचा आवाज होता, कारण तिला शब्द फुटत नव्हता. तपासणीत एका स्वरतंतूत रक्त साकळलेले दिसले. दहा दिवस संपूर्ण मौन, नंतर वाचोपचार, आणि पुढचे तीन प्रयोग रद्द. इंजेक्शन सूज उतरवते, इजा भरून काढत नाही; ते तपासणीशिवाय घेऊन गाण्याला परवानगी देणारा मी होतो आणि तो दोष माझाच.

तेव्हापासून निर्णय दुपारी एक वाजता होतो आणि तो गायिकेवर सोपवला जात नाही, कारण ती नेहमी ‘दादा, मी गाईन’ असेच म्हणते. तो निर्मात्यावरही नसतो, कारण त्याला खिडकीवरची विक्री दिसत असते. बाराच्या परीक्षेनंतर तालीम मास्तर आणि ऑर्गनवादक दोघे मिळून ठरवतात, शंका असेल तर डॉक्टरांना विचारतात आणि एकदा ठरले की बदलत नाहीत. मधला मार्गही असतो: सूज किरकोळ असेल तर पट्टी अर्ध्या स्वराने खाली घ्यावी, दोन पदे गाळावीत, तिसऱ्याचा एकच अंतरा म्हणावा. ध्वनियोजकाला सांगून तिच्याजवळच्या भोंग्यात तिचा स्वतःचा आवाज वाढवावा. स्वतःचे गाणे ऐकू आले नाही की माणूस नकळत ओरडतो. वन्समोअर आला तरी ऑर्गनने मुखडा पुन्हा उचलायचा नाही, हे आधीच ठरवून ठेवावे, कारण वाद्य सुरू झाले की गायिकेला नाही म्हणता येत नाही. नटीने अभिनय करायचा आणि विंगेत बसून दुसरीने गायचे हा उपाय युरोपातील ऑपेरात अडचणीच्या वेळी मान्य आहे. मी तो एकदाच वापरला. समोरच्या दोन रांगांतील जाणकारांनी पहिल्याच ओळीला माना वळवून विंगेकडे पाहिले.

बदल झाल्याचे प्रेक्षकांना नांदीपूर्वी स्पष्ट सांगावे आणि तिकीट खिडकीजवळ फलकही लावावा. सांगलीचा जुना प्रेक्षक पदे पाठ असलेला आहे. त्याला न सांगता बदल केला तर तो दुखावतो आणि सांगितले तर नव्या मुलीला पहिल्या पदाला टाळी देतो.

मूळ गायिका परतते तेव्हाही घाई नको. तज्ज्ञांनी परवानगी दिल्यावर पहिला आठवडा रोज दहा-पंधरा मिनिटे मध्य सप्तकात, मग हळूहळू तार सप्तक, आणि सलग दोन दिवस हळू आकाराची परीक्षा नीट उतरली तरच रंगीत तालीम. तिच्या पहिल्या प्रयोगात मोठी पदे निम्मी ठेवावीत आणि त्या दिवशी बदली मुलीने सुभद्रेचे दागिने वगळता बाकी तयारी करूनच रुक्मिणी म्हणून उभे राहावे. दागिन्यांचा डबा मेकअपच्या टेबलावर तिच्या हाताशी ठेवावा.